गेमला शेवट असू द्या : गेम बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
गेम बनवणारे डिझायनर, प्रोग्रॅमर, लेखक, चित्रकार, संगीतकार, आणि "खेळाडूला अजून किती दिवस धरून ठेवता येईल" या विषयावर मीटिंगा घेणारे त्यांचे वरिष्ठ, यांस.

विषय : गेमला शेवट असण्याबाबत.

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची नावं माझ्या डोळ्यांखालून गेली आहेत, कारण मी क्रेडिट्स शेवटपर्यंत बघते. अ‍ॅनिमेटर, साउंडवाले, तोच जिना हजारदा चढून बग शोधणारे टेस्टर. काही गेममध्ये तर अगदी तळाशी, गेम बनत असताना टीममधल्या लोकांना झालेल्या बाळांची यादी असते. ती मला फार आवडते. एक गेम उभा राहायला किती वर्षं जातात, हे त्या बाळांच्या नावांवरून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही मुलाखतीतून कळत नाही.

हल्ली ही नावं वाचायला मिळत नाहीत. क्रेडिट्सपर्यंत पोचायचं तर गेम संपायला हवा, आणि तो संपतच नाही. एक सीझन संपायच्या आत दुसऱ्याचा ट्रेलर येतो. रोज लॉगिन केलं की नाणी, सलग आठवडाभर केलं की पेटी, एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही स्किन (पात्राचा नवा पोशाख) परत मिळणार नाही, हा बक्षिसांचा पास रविवारी संपतोय, हे बक्षीस घ्यायला दोनच तास उरलेत. अशा एका गेममध्ये रोजच्या कामांची यादी उरकताना माझ्या लक्षात आलं, की मला यातलं काहीच खेळायची इच्छा नाही, फक्त काही सुटू नये एवढीच धास्ती आहे. त्याच दिवशी तो काढून टाकला. कुठला ते सांगत नाही. नाव काहीही घातलं तरी वर्णन बसतं.

तक्रार एवढीच. बाकीचं पत्र मला मनापासून आवडलेल्या गेमबद्दल आहे. ते एकमेकांसारखे अजिबात नाहीत, पण आपण कधीतरी संपणार आहोत हे त्या सगळ्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं. ते आवडण्याचं कारण बहुतेक तेच आहे.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या, १९८९ चा मूळचा. वजीर जाफर राजकन्येसमोर वाळूचं घड्याळ ठेवतो : तासाभरात लग्नाला होकार दे, नाहीतर मर. झालं, आता तुमच्याकडे ६० मिनिटं आहेत, आणि ती भिंतीवरच्या घड्याळातली खरी मिनिटं आहेत. जीव कितीदाही गेला तरी चालतो. लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, पण गेलेला वेळ गेला. हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक फ्रेम गिरवून राजपुत्राच्या हालचाली बनवल्या. म्हणून तो पळता पळता थांबला की जरासा घसरतो, उडी कमी पडली की बोटांवर लटकतो, वर चढताना कष्टतो. त्याला वजन आहे. त्या वजनाला वेळ लागतो, आणि नेमका वेळच नाहीये! ते घड्याळ काढून टाकलं असतं तर छान चालणाऱ्या एका माणसाचं प्रात्यक्षिक तेवढं उरलं असतं.

आणि ती सावली. आरशातून आरपार उडी मारावी लागते तेव्हा ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि आपली ताकद जवळजवळ संपवून जाते. पुढे आपल्या वाटची औषधाची बाटली पिऊन टाकते. ऐन वेळी दार लावून घेते. शेवटी समोर उभी ठाकते तेव्हा राग असा साचलेला असतो की हात तलवारीकडेच जातो, आणि प्रत्येक वाराला आपलंच रक्त कमी होतं. उपाय एकच आहे : तलवार म्यान करायची आणि तिच्या अंगात चालत शिरायचं. शेवटाकडे निघालेल्या गेमलाच हे परवडतं. शत्रू पुढच्या सीझनसाठी राखून ठेवायचा असेल तर त्याला असं स्वतःत सामावून घेऊन कसं चालेल?

'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये (२००५) हा शेवट दगडात कोरून ठेवला आहे. मेलेल्या मुलीला जिवंत करायला एक तरुण घोडीवरून निषिद्ध प्रदेशात येतो. तिथल्या प्रचंड देवळात दोन्ही बाजूंना मिळून १६ मूर्ती आहेत. बाहेर तेवढेच महाकाय प्राणी आहेत. एक प्राणी मेला की एक मूर्ती फुटते. बाकी त्या अवाढव्य प्रदेशात लढायला कुणीही नाही. गवत, वारा, दगडांवर पळणाऱ्या पाली, आणि अ‍ॅग्रो नावाची ती घोडी, जी लगाम ओढल्या ओढल्या वळत नाही, स्वतःच्या चालीने वळते. पहिल्या प्रथम मला तिचा वैताग यायचा. मग कळलं की तिला वाट शोधू दिली तर ती दगड चुकवत बरोबर नेते.

त्या प्राण्यांच्या अंगावर चढणं म्हणजे केसांच्या झुपक्याला धरून लटकणं. बटण दाबून धरलं आहे तोवर पकड आहे, आणि कोपऱ्यातलं एक वर्तुळ आकसत आकसत सांगतं की हात सुटत आलेत. प्राणी अंग झाडतो तेव्हा तो पोरगा फडक्यासारखा हवेत उडतो आणि इकडे तुमचं बोट बटणावर पांढरं पडतं. चढाई चालू असते तेव्हा संगीत विजयाचं असतं. तलवार शेवटची खुपसली की ते एकदम थांबतं आणि शोकाचं सुरू होतं. तो डोंगराएवढा जीव सावकाश कोसळतो. त्याच्यातून काळे धागे निघतात आणि आपल्या पोराच्या अंगात घुसतात. मूर्तीगणिक त्याचा चेहरा पांढरा पडत जातो, कपडे मळत जातात. कुणी एका शब्दाने म्हणत नाही की तू करतोयस ते बरोबर की चूक.

सुरुवातीला मी मूर्तींकडे बघायचे ती 'बापरे, अजून एवढे' म्हणून. अर्धं देऊळ रिकामं झाल्यावर तीच मोजणी 'आता एवढेच उरले' अशी झाली, आणि पुढच्या प्राण्याकडे जाताना मी मुद्दाम लांबची वाट धरू लागले. संख्या ठरलेली होती म्हणूनच हे झालं. गेमचा दिग्दर्शक फुमितो उएदा आणि त्याच्या टीमने दर महिन्याला एक नवा प्राणी सोडायचं ठरवलं असतं, तर मीही कसाई होऊन ओळीने कापत सुटले असते. शेवटच्या प्राण्याकडे जाताना वाटेत जे घडतं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी खेळलाय त्यांना पुलाचं नाव काढलं तरी पुरे.

(स्पॉयलरबद्दल एक. शेवट फोडला तर ज्या गेममध्ये काहीच उरत नाही, त्याचा शेवट मुळात बेतास बातच असतो असं माझं मत आहे. अपवाद पुढचा गेम. त्याच्याबद्दल मी अगदी तोलून मापून लिहिणार आहे.)

तो गेम म्हणजे 'आउटर वाइल्ड्स', २०१९ चा. अ‍ॅलेक्स बीचमने विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रकल्पात त्याची सुरुवात केली होती. एक छोटीशी सूर्यमाला, एक लाकडी अंतराळयान, आणि २२ मिनिटं. ती संपली की सूर्य फुटतो, सगळं जळून जातं आणि तुम्ही पुन्हा त्याच शेकोटीजवळ डोळे उघडता. २२ मिनिटांत ती सूर्यमाला तुमची वाट न बघता आपलं आपलं जगत असते. एका ग्रहाच्या पोटात कृष्णविवर आहे आणि त्याच्या कवचाचे तुकडे एकेक करून आत पडतात. दोन जुळे ग्रह एकमेकांभोवती फिरतात आणि एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जाते. त्यामुळे सुरुवातीला ज्या गुहेत जाता येतं ती थोड्या वेळाने वाळूने भरते, आणि पलीकडच्या ग्रहावर पुरलेले मनोरे हळूहळू उघडे पडतात. म्हणजे इथेही वाळूचंच घड्याळ, फक्त ग्रहाएवढं.

या गेममध्ये तुमची ताकद वाढत नाही. नवी बंदूक नाही, लेव्हल नाही, नाणी नाहीत. वाढते ती फक्त माहिती. आंधळ्या राक्षसी माशांच्या मधून जायचं तर इंजिन बंद करून नुसत्या वेगावर तरंगत जायचं, हे एकदा कळलं की कळलं. गेम संपवायला लागणारं सगळं तुमच्याकडे पहिल्या मिनिटापासून असतं. कसं ते ठाऊक नसतं, एवढंच. मधे कुठेतरी यान थांबवून ध्वनी पकडणारी दुर्बीण फिरवली, की वेगवेगळ्या ग्रहांवर एकेकटे बसलेले आपल्या गावचे प्रवासी ऐकू येतात. कुणाचा बँजो, कुणाची बासरी, कुणाची शीळ, कुणाचा ढोल. दूर गेलं की सगळे एकाच रेषेत येतात आणि ते एकच गाणं वाजवत होते हे तेव्हा समजतं. मी त्या दिवशी पुढे कुठेच गेले नाही. सूर्य फुटेपर्यंत ऐकत बसले.

हा गेम मला पुन्हा खेळता येत नाही. सगळं माहीत झाल्यावर उरतो तो फक्त प्रवास. तुमच्या वरिष्ठांना हे ऐकून घाम फुटेल : खेळाडू एकदाच येतो, आणि परत कधीच येत नाही! पण तो जन्मभर दुसऱ्यांना हा गेम घ्यायला लावत हिंडतो, हेही त्यांच्या तक्त्यात कुठेतरी लिहा.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) लुकास पोपने जवळपास एकट्याने बनवला. १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज रिकामं परत येतं, आणि विमा निरीक्षक म्हणून आपण त्यावर चढतो. जहाजावर ६० माणसं होती. प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाचं काय झालं, हे वहीत भरायचं. मृतदेहाजवळ एक जादूचं घड्याळ उघडलं की मरणाच्या क्षणाचे आवाज ऐकू येतात, आणि मग तो क्षण गोठून चहूबाजूंनी बघता येतो. चित्रं दोनच रंगांत, जुन्या कॉम्प्युटरसारखी. वहीतली उत्तरं बरोबर आहेत की नाही हे एकेकट्याचं कळत नाही. तिघांचं अचूक जमलं की मगच ती पक्की होतात, म्हणजे तुक्का मारून फार पुढे जाता येत नाही. काही खलाशांची ओळख पटवायला मी त्यांचे चेहरे पारखत बसले होते. उत्तर होतं झोपायच्या झोळ्यांवरच्या नंबरांत आणि त्या झोळ्यांतून बाहेर डोकावणाऱ्या बुटांत. एका माणसाच्या मरणाचं दृश्य मी अनेकदा पाहिलं होतं, आणि त्या दृश्याच्या कडेला झोपलेल्यांचे पाय एकदाही बघितले नव्हते! शेवटची तीन नावं पक्की झाली तेव्हा वहीचं पान भरलं. भरलं म्हणजे भरलं. एकसष्टावा माणूस कुठून आणणार?

'जर्नी' (२०१२) बद्दल थोडक्यात, कारण तो गेमच थोडक्यात आहे : दोनेक तास. पहिल्याच टेकडीवरून दूरचा डोंगर दिसतो आणि तिकडे जायचं आहे हे न सांगता कळतं. वाटेत कुणी दुसरा खेळाडू भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. बर्फात दोघांच्या ओढण्या आखडत जातात, आणि एकमेकांना चिकटून चाललं की थोड्या उजळतात. सगळं संपल्यावर, क्रेडिट्सच्या पुढे, वाटेत भेटलेल्यांची नावं येतात. ऑनलाइन खेळताना अनोळखी माणसाशी माझा एवढा चांगला संबंध दुसरीकडे कुठेच आलेला नाही. शिव्या मात्र भरपूर खाल्ल्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे लहान गेम झाले. मोठा पसारा मांडला की शेवट कसा साधायचा? 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) बघा. पसारा म्हणाल तर डोंगर, दलदल, शहरं, शिकार, मासेमारी, पत्त्यांचे डाव, सगळं आहे. आणि त्यात आपण ज्याला खेळवतो त्या आर्थर मॉर्गनला, एका टोळीतल्या दरोडेखोराला, क्षय होतो. आधी साधा खोकला, मग डॉक्टर, मग आरशात खोल गेलेले डोळे. नकाशावर अजून शंभर कामं उरलेली असतात आणि माणसाकडे वेळ नसतो. गेम जबरदस्ती करत नाही, मासे पकडत बसायचं तर बसा, पण खोकला तिथेही येतो. शेवटच्या पळापळीत त्याचा घोडा गोळ्या लागून पडतो, आणि मागे माणसं लागलेली असताना आर्थर त्याच्यापाशी वाकतो आणि आभार मानतो. मी त्या घोड्याला किती सफरचंदं खाऊ घातली होती ते मलाच माहीत.

याच गेममधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र त्याची डायरी. आर्थर गेमभर पाहिलेल्या प्राण्यांची, झाडांची, इमारतींची फार सुरेख रेखाटनं काढत असतो. उपसंहारात ती डायरी त्याच्या टोळीतल्या जॉन मार्स्टनकडे जाते. तोही चित्रं काढतो, आणि त्याची चित्रं अगदीच यथातथा असतात. पान उलटलं आणि वेडंवाकडं चित्र दिसलं, की कोण गेलं ते पोटात कळतं. त्यासाठी एकही संवाद नाही. ज्या कुणी ती वाईट चित्रं इतक्या मन लावून काढली, त्याला माझा नमस्कार.

शेवट नसलेले चांगले गेमही आहेत, हे मला माहीत आहे. 'टेट्रिस'ला कुठे शेवट आहे? १९८४ मध्ये अलेक्सी पाजित्नोवने सात आकारांचा हा खेळ बनवला, आणि त्यात जिंकायची सोयच नाही. पण प्रत्येक डाव संपतो. तुम्ही हरता, बोर्ड भरतो, उठायला मोकळे होता. शिवाय माणसं इतकी हट्टी, की जिथे शेवट नाही तिथेही जाऊन पोचतात. 'पॅक-मॅन'मध्ये लेव्हलचा आकडा एकाच बाइटमध्ये ठेवलेला होता. २५६ व्या लेव्हलला हिशोब कोलमडतो आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. घरच्या कन्सोलवरच्या जुन्या 'टेट्रिस'मध्ये २९ व्या लेव्हलपुढे माणूस जाऊच शकत नाही असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका मुलाने १५७ व्या लेव्हलला तो गेम चक्क गोठवून दाखवला. तोवर एवढं लांब कुणी गेलंच नव्हतं. त्या मुलाचा आनंद बघा आणि मग सांगा, की खेळाडूला शेवट नको असतो.

'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) त्याहून शहाणा. एरिक बरोनने एकट्याने बनवलेला हा शेतीचा गेम हवा तेवढा खेळत राहता येतो. पण तिसरं वर्ष लागताच वारलेले आजोबा येतात, दोन वर्षांत शेताचं काय केलंस ते बघतात आणि त्याप्रमाणे समाधीवर मेणबत्त्या लागतात. चार लागल्या की उत्तम. कुणी हाकलत नाही. सकाळी उठून पाणी घालायला पुन्हा शेतावर जाता येतं. पण एक टप्पा झाला, कुणीतरी पाहिलं, आता थांबलं तरी चालेल, एवढं तो खेळाडूला सांगून ठेवतो.

याउलट तुमचे कधीही न संपणारे गेम. पाहुण्याच्या चपला लपवून "बसा हो, काय घाई आहे" म्हणणाऱ्या यजमानासारखे ते वागतात, आणि एक दिवस तोच यजमान दिवे घालवून निघून जातो. कारण संपतात तेही. फक्त गोष्ट पुरी झाली म्हणून नाही, तर खर्च परवडेना म्हणून. 'सिटी ऑफ हीरोज' नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला तेव्हा लोक आपापल्या पात्रांसह एकत्र जमून सर्व्हर तुटायची वाट बघत उभे होते. पुढे चाहत्यांनीच तो जिवंत ठेवला, आणि २०२४ मध्ये त्यांच्या सर्व्हरला रीतसर परवानगी मिळाली. हा नशीबवान. २०१४ चा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम मार्च २०२४ अखेर बंद झाला, तो एकट्याने खेळण्यासकट. पैसे मोजून घेतलेला गेम घरात आहे आणि सुरू होत नाही. त्यावरून, विकलेले गेम पुढेही खेळता यावेत म्हणून उठलेल्या मोहिमेला युरोपात १० लाखांहून जास्त लोकांनी सह्या दिल्या. एवढी माणसं सह्या करतात तेव्हा एका गाड्यांच्या गेमपुरता तो प्रश्न राहिलेला नसतो.

ऑनलाइन गेमचाही शेवट नीट करता येतो, हे तुमच्यातल्याच काही जणांनी दाखवलं आहे. 'फायनल फँटसी १४' २०१० मध्ये आला आणि सपशेल पडला. नाओकी योशिदाच्या हाती तो आल्यावर त्याने जुना गेम गुपचूप बदलण्याऐवजी ते जगच बुडवायचं ठरवलं. आकाशातला दालामुद नावाचा तांबडा चंद्र महिनोन्महिने मोठा होत गेला. खेळाडूंना रोज वर बघून कळत होतं की दिवस भरत आलेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये शेवटच्या रात्री ते शहरांत जमून राक्षसांशी लढत राहिले, सर्व्हर बंद झाले, आणि पडद्यावर तो चंद्र फुटून त्यातून बहामुत हा महाकाय ड्रॅगन बाहेर पडताना दिसला. ऑगस्ट २०१३ मध्ये नवा गेम आला तो त्या विनाशानंतरच्या जगात. पडलेल्या गेमचा एवढा दिमाखदार शेवट! बंद पडणं हीच गोष्ट झाली. ज्यांनी ते पाहिलं ते अजून सांगतात, आणि मी तेव्हा तिथे नव्हते म्हणून अजून हळहळते.

दोष सगळा तुमचाच आहे असं मी म्हणत नाही. आम्ही खेळाडूही कमी नाही. "एवढे पैसे आणि सहाच तासांचा गेम?" हे वाक्य आमचंच आहे. तास मोजून पैसे वसूल करायची सवय आम्हाला लागली, आणि तुम्ही तास वाढवून दिलेत : अजून एक मनोरा चढा, अजून ५० पिसं गोळा करा, अजून एका माणसाची हरवलेली कढई शोधून आणा. अशा गेममध्ये शेवट असतो, पण त्याच्यापर्यंत पोचेतो खेळाडूला सुरुवात आठवत नाही. मला आठ तासांचा चांगला गेम पूर्ण किमतीला घ्यायला काहीच वाटत नाही. माझ्यासारखे बरेच असावेत, फक्त आम्ही आरडाओरडा करत नाही.

आणखी एक खटकतं. गेम संपतो, क्रेडिट्स जातात, डोळे ओले असतात, आणि 'कंटिन्यू' दाबलं की मला शेवटच्या लढाईच्या आधी आणून उभं केलं जातं. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) माझ्या आवडत्या गेमपैकी एक. त्यातला वारा, पाऊस, पावसात कड्यावरून घसरणारे हात, सगळं प्रिय आहे. पण शेवटचा शत्रू गॅनन याला मारल्यानंतर सेव्हपुढे (साठवलेल्या खेळापुढे) एक तारा लागतो आणि जग जसंच्या तसं. राजकन्या अजून किल्ल्यात अडकलेलीच! राहिलेली देवळं शोधता यावीत म्हणून ही सोय आहे, हे मला कळतं. तरी ज्या राज्यासाठी एवढं केलं ते एकदा तरी सुटलेलं, मोकळं हिंडून बघायचं होतं. बाजारातल्या बायका काय बोलतात ते ऐकायचं होतं. एवढंही नको का?

शेवटापर्यंत पोचता येणं हाही प्रश्न आहे, आणि तिथे 'सेलेस्त'ची (२०१८) आठवण होते. डोंगर चढायचा हा गेम महाकठीण, पण त्यात मदतीची सोय आहे : वेग कमी करा, दम अमर्याद करा, हवं तर मरणच बंद करा. कुणी टोमणा मारत नाही. मी ती सोय वापरली नाही, पण ज्याची बोटं तेवढी चपळ नाहीत तोही त्याच शिखरावर उभा राहतो आणि तोच शेवट बघतो, हे मला आवडतं. शिखर तेच राहतं, कुणासाठी बुटकं होत नाही.

तर मागणी अशी. नवा गेम कागदावर मांडाल तेव्हा तो कुठे संपणार हे आधी लिहा, आणि मग खेळाडूला ते कुठल्या तरी खिडकीतून दिसू द्या : डोंगर, मूर्ती, वाळू, खोकला, काहीही. ऑनलाइनच बनवायचा असेल तर ज्या दिवशी सर्व्हर बंद होतील त्या दिवशी खेळाडूच्या हातात काय उरणार, हे विकतानाच सांगा. एकट्याने खेळता येईल अशी आवृत्ती शेवटच्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) द्या, किंवा चाहत्यांना सर्व्हर चालवू द्या. आणि रोजच्या हजेरीचं ते कॅलेंडर तेवढं काढून टाका. हजेरी द्यायला जगात इतर ठिकाणं पुष्कळ आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
क्रेडिट्स शेवटपर्यंत बघणारी एक खेळाडू

ता.क. : क्रेडिट्स चालू असताना कोपऱ्यात पुढच्या गेमची किंवा डीएलसीची (वेगळ्या विकल्या जाणाऱ्या जादा भागाची) जाहिरात लावू नका. आणि 'स्किप'साठी बटण दाबून धरावं लागेल असं करा. कंट्रोलर नुसता मांडीवरून घसरला आणि बाळांची यादी गेली, असं झालं आहे.